छाती हलतेय, पण हवा जातेय का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील साताऱ्याला, वय ७२, रक्तदाबाची गोळी बरीच वर्षं चालू. घोरणं जुनंच, पण हल्ली आई सांगते की रात्री मधेच त्यांचा श्वास थांबतो, आणि मग एकदम दचकल्यासारखा मोठ्यानं सुरू होतो. मनगटाला घड्याळ बांधायला, बोटाला काही लावायला ते तयार नाहीत, आणि दवाखान्यात तारा लावून झोपायचं तर नावच काढू देत नाहीत. मुलगी पुण्यात नोकरीला. अंगाला हात न लावता, रडारनं किंवा गादीखालच्या पट्टीनं झोप, श्वास, नाडी सगळं मोजता येतं असं तिनं वाचलंय. तसं एखादं यंत्र घेतलं तर तपासणी टळेल का, आणि त्याच्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा?

मी सतरा वर्षं झोपेच्या प्रयोगशाळेत काम करते. त्यातली गेली सात-आठ वर्षं बरीचशी या बिनतारी सेन्सरांची परीक्षा घेण्यात गेली. परीक्षा म्हणजे काय, तर एकाच पलंगावर नेहमीच्या सगळ्या तारा लावलेला पेशंट, गादीखाली पट्टी, बाजूच्या टेबलावर रडारची डबी, आणि सकाळी तिन्ही आलेख शेजारी-शेजारी लावून कोण काय बोलतंय ते बघायचं. त्या अनुभवावरून तुमचं उत्तर: यंत्र जरूर घ्या, पण तपासणीनंतर. तुमच्या वडिलांच्या बाबतीत जे कळायला हवं, नेमकं तेच या यंत्रांना सगळ्यात पुसट दिसतं. ते का, हे सांगायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

शांत झोपेत श्वास घेताना छाती साधारण ४ ते १२ मिलिमीटर वर येते. हृदयाच्या ठोक्यानं छातीवरची कातडी हलते ती त्याहून कितीतरी कमी, मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून फार तर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. रडारची डबी एवढंच मोजते. ती एक लहर सोडते, ती छातीवर आपटून परत येते, आणि परत आलेली लहर आधीच्या मानाने किती पुढे-मागे सरकली ते पाहते. ६० गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी फक्त ५ मिलिमीटर, त्यामुळे छाती पाव मिलिमीटर हलली तरी परतीची लहर सुमारे ३६ अंशांनी सरकते. घरच्या वाय-फायची २.४ गिगाहर्ट्‌झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब. तिथे तेवढ्याच हालचालीला जेमतेम दीड अंश. म्हणून वाय-फायवरून श्वास मोजल्याच्या बातम्या खऱ्या असतात, पण त्याच वाय-फायवरून नाडी सांगतो म्हणणाऱ्याला मी चार प्रश्न जास्त विचारते.

ही कल्पना नवी नाही. सूक्ष्मलहरींनी (मायक्रोवेव्हनी) दुरून श्वास मोजता येतो हे जेम्स लिन या संशोधकानं १९७५ साली छापून दाखवलं होतं. ५ मिलिमीटरची लहर तर आपल्या जगदीशचंद्र बोसांनी १८९०च्या दशकातच कोलकात्यात तयार केली होती. गंमत अशी की २०१९ साली गूगलचा पिक्सेल ४ हा फोन भारतात विकायलाच आला नाही, कारण त्याच्या आतलं रडार याच ६० गिगाहर्ट्‌झवर चालायचं आणि लहरींच्या त्या पट्ट्याला आपल्याकडे परवानगी नव्हती. आता नवं काय, तर हे सगळं नखाएवढ्या चिपवर बसतं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये दीना कताबी यांच्या गटानं आठ मीटर अंतरावरून, अगदी शेजारच्या खोलीतूनही, श्वास आणि नाडी मोजून दाखवली. त्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठात राजलक्ष्मी नंदकुमार आणि सहकाऱ्यांनी साध्या फोनच्या स्पीकर-माइकवरून, वटवाघळासारखा कानाला न ऐकू येणारा आवाज सोडून, झोपेतले श्वासाचे अडथळे मोजले. २०२१ पासून गूगलच्या नेस्ट हबमध्येही उशाशी ठेवायचं रडार आलं.

गादीखालची पट्टी वेगळ्या तत्त्वावर चालते. हृदय प्रत्येक ठोक्याला रक्त वर फेकतं आणि शरीर किंचित उलट दिशेला झटका खातं, बंदूक उडवल्यावर खांद्याला बसतो तसा. काट्याच्या वजनयंत्रावर स्तब्ध उभं राहिलं की काटा नाडीबरोबर थरथरतो, हे गॉर्डन नावाच्या संशोधकानं १८७७ मध्येच टिपलं होतं. १९३९ च्या सुमारास आयझॅक स्टार यांनी त्यासाठी खास टेबल बनवलं. आजच्या पट्टीत टेबलाच्या जागी दाब पडला की वीज देणारा पातळ तुकडा किंवा हवेची चपटी पिशवी असते. बंगळुरूच्या डोझी या कंपनीनं याच तत्त्वावरची चादर बनवली आणि कोविडच्या काळात ती अनेक सरकारी रुग्णालयांत खाटांखाली गेली.

दोन्ही यंत्रांचा शत्रू एकच: हालचाल. दोन्हींना फक्त हालचालच कळते, ती कुणाची आणि कशाची हे त्यांना कळत नाही.

एकदा आमच्याकडे रिकाम्या पलंगाला मिनिटाला बारा श्वास लागत होते. पेशंट बाथरूममध्ये, आणि पडद्यावर सुंदर, संथ, अगदी पाठ्यपुस्तकातला आलेख! अर्धा तास आम्ही तिघं डबी उलटसुलट करत होतो. शेवटी सापडलं ते असं: भिंतीच्या खुंटीला पेशंटचा शर्ट, आणि कोपऱ्यात मान फिरवणारा टेबल फॅन. पंख्याची एक फेरी दहा सेकंदांची, जाताना एकदा आणि येताना एकदा असा शर्ट दोनदा फुगायचा. मिनिटाला बारा. छताचा पंखा त्या मानानं सज्जन, त्याची गती श्वासापेक्षा इतकी जास्त की यंत्रातली गाळणी, म्हणजे नको त्या गती वगळणारा हिशेब, त्याला सहज बाजूला काढते. मात्र त्याच्या वाऱ्यानं हलणारी मच्छरदाणी, पडदा, पलंगावरून लोंबणारी चादर यांच्यापासून सावध राहा. मच्छरदाणीच्या कापडातून लहर आरपार जाते, तो प्रश्न नाही. मच्छरदाणी स्वतः श्वास घ्यायला लागते, तो प्रश्न.

दुसरी फसगत जास्त छुपी आहे आणि ती मी अजून कुठल्याही खोक्यावर छापलेली पाहिली नाही. छातीची हालचाल नीट गोल लाटेसारखी नसते, त्यामुळे श्वासाच्या मूळ गतीबरोबर तिच्या पटीतल्या गतीही आलेखात उमटतात. श्वास मिनिटाला १५ असेल तर ४५, ६०, ७५ अशा खुणा दिसतात. माणसाची नाडीही याच भागात असते! श्वासाच्या लाटेपुढे ठोक्याची लाट इतकी बारीक की यंत्र चौथ्या पटीलाच नाडी समजून बसतं आणि ठामपणे ६० सांगतं. तुमच्या वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळीत नाडी मंद करणारं औषध असेल, तर ६० हा आकडा दिसायलाही अगदी खरा वाटेल. म्हणून घरी एवढं करून बघा: यंत्राची नाडी रात्रभर श्वासाच्या बरोब्बर तिप्पट किंवा चौपट येत असेल, आणि श्वास बदलला की नाडीही त्याच पटीत बदलत असेल, तर तो आकडा हृदयाचा नाही.

आता मुख्य मुद्दा. झोपेत श्वास थांबण्याचे दोन प्रकार आहेत. एकात मेंदूच आज्ञा देत नाही; छाती शांत, पोट शांत, सगळंच थांबलेलं. दुसऱ्यात आज्ञा येते, छातीचे स्नायू जोर लावतात, पण घशामागची नळी मिटलेली असते. जीभ आणि मऊ टाळू मागे पडलेली, हवा आत जात नाही, आणि माणूस बंद दाराशी ढकलाढकली करावी तसा श्वास ओढत राहतो. या वेळी छाती आणि पोट सी-सॉसारखी हलतात, एक वर तर दुसरं खाली. घोरणाऱ्या, उतारवयातल्या, रक्तदाब असलेल्या पुरुषांत बहुतेक वेळा हाच दुसरा प्रकार असतो. तुमच्या आईंनी सांगितलेलं ते दचकून मोठ्यानं सुरू होणं म्हणजे नळी उघडल्याचा आवाज.

पहिला प्रकार रडारला लख्ख दिसतो. आलेख सपाट झाला की झालं. दुसऱ्यात आलेख सपाट होतच नाही. छाती हलते, गादी हलते, आणि डबी नोंदवते: श्वास चालू आहे, मिनिटाला १६. नाकात हवा शून्य.

विश्वास बसत नसेल तर यंत्र आणल्यावर स्वतःवर करून बघा. (तुम्ही निरोगी आहात असं धरते, वडिलांवर नको.) आधी आडवं पडून दहा सेकंद श्वास नुसता रोखा, आलेख सपाट व्हायला हवा. तो झाला नाही तर डबी छातीकडे नीट लागलेली नाही. मग नाक-तोंड हातानं घट्ट मिटून पाच-सहा सेकंद श्वास घेण्याचा जोर करा. आलेखात छान लाटा येतील.

चांगल्या कंपन्यांना हे अर्थातच माहीत आहे. त्या थेट अडथळा न शोधता त्याच्या मागच्या खुणा गोळा करतात: लाटेची उंची हळूहळू कमी होत जाणं, शेवटी येणारी उसळी, त्या वेळी अंगाची हालचाल, आधी मंदावून मग एकदम वाढणारी नाडी, घोरण्याचा आवाज तुटून परत येणं. यातून ‘बराच त्रास दिसतोय’ आणि ‘फारसं काही नाही’ यांतला फरक त्या बऱ्यापैकी सांगतात. पण डॉक्टरांना एक आकडा लागतो, तासाला किती वेळा श्वास अडला तो. प्रत्येक अडणं किमान दहा सेकंदांचं. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तीव्र म्हणजे सात तासांच्या झोपेत दोनशेहून जास्त वेळा. उपचार काय करायचा हे बऱ्याच अंशी या आकड्यावर ठरतं, आणि १२ की १८ हे गादीखालच्या पट्टीवरून ठरवायला मी धजणार नाही.

त्यात ऑक्सिजनचा प्रश्न वेगळाच. श्वास अडल्यावर रक्तातला ऑक्सिजन किती खाली गेला हे निम्मं दुखणं आहे, आणि ते हालचालीवरून कळत नाही. त्यासाठी लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश कातडीतून जावे लागतात, म्हणजे बोटाला किंवा कानाला काहीतरी लावावंच लागतं. कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर तुमच्या ड्रॉवरमध्ये असेलच. पण तो जागेपणी ९७ दाखवतो याचा रात्रीशी काही संबंध नाही. शिवाय २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की ऑक्सिमीटर ठीक सांगत असताना रक्तात प्रत्यक्षात ऑक्सिजन कमी असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं, तर काळ्या रुग्णांत ११.७ टक्के. गडद कातडीवर हे यंत्र थोडं जास्तच आशावादी असतं. आपल्याकडे सावळ्या पेशंटचे काठावरचे आकडे वाचताना मी हे लक्षात ठेवते.

आणि फोनवर सकाळी येणारी ती रंगीत पट्टी, गाढ झोप एवढी, स्वप्नांची झोप एवढी? झोपेचे टप्पे मेंदूच्या विजेवर, डोळ्यांच्या हालचालीवर आणि हनुवटीच्या स्नायूवर ठरतात. तीस-तीस सेकंदांचे तुकडे करून आम्ही ते डोळ्यांनी वाचतो, आणि दोन अनुभवी तंत्रज्ञांचंसुद्धा एकमेकांशी साधारण ८० टक्क्यांच्या आसपासच जुळतं. श्वास, नाडी, हालचाल यांवरून यंत्र जे टप्पे सांगतं तो अंदाज. किती वाजता झोपले, किती वेळा उठले, किती वाजता जाग आली, हे ते बरं सांगतं. ‘काल गाढ झोप ४२ मिनिटंच’ यावरून वडिलांना फोन करून काळजी करू नका.

इतकं सगळं उणं काढल्यावर तुम्ही विचाराल, मग मी सात-आठ वर्षं यात का घालवली. कारण आमच्या प्रयोगशाळेची रात्र एकच असते, तीही परक्या पलंगावर, डोक्याला तारा चिकटवलेली. निम्मे लोक म्हणतात, आज झोपच लागली नाही. श्वास अडण्याचं प्रमाण रोज सारखंही नसतं. उताणं झोपलं, नाक चोंदलं, दारू घेतली की वाढतं. जे यंत्र अंगाला लागत नाही ते माणूस काढून ठेवत नाही, म्हणून ते नव्वद रात्रींचं सांगतं. तिथं एकेका आकड्याची चूक तितकी महत्त्वाची राहत नाही, कल दिसतो. हृदय कमजोर झालेल्या पेशंटांत श्वासाची एक खास चाल असते: वाढत वाढत जातो, मग कमी कमी होत थांबतो, परत वाढतो, भरती-ओहोटीसारखा. ही मेंदूकडून येणारी गोष्ट, त्यामुळे रडारला ती सुरेख दिसते. एका आजींच्या गादीखालच्या पट्टीवर आठवडाभरात झोपेतल्या श्वासाची गती १५ वरून २१ वर गेली होती. त्यांना स्वतःला काही जाणवत नव्हतं. डॉक्टरांनी पाहिलं तर फुप्फुसात पाणी साठायला लागलेलं.

रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तर मला याचा सगळ्यात मोठा उपयोग दिसतो. श्वासाची गती ही प्रकृती बिघडताना लवकर बदलणारी खूण, आणि तीच सगळ्यात आळसानं लिहिली जाते. कुठल्याही वॉर्डातली पेशंटची फाइल उघडून बघा: १८, २०, १८, २०. पूर्ण मिनिट मोजायला एका सिस्टरकडे तीस खाटांत वेळ कुठून येणार? खाटेखालची चादर ते न दमता मोजते. नवजात बाळांच्या कक्षात वेगळीच गरज आहे. तिथं चिकटपट्ट्या काढताना कोवळी कातडी सोलते आणि तारांमुळे आईला बाळ छातीशी धरता येत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या गटानं छातीवर एक आणि पावलावर एक अशा दोन मऊ, बिनतारी, बॅटरीसुद्धा नसलेल्या पट्ट्या बनवल्या. कताबींच्या गटानं २०२२ मध्ये रात्रीच्या श्वासाच्या नोंदींतून पार्किन्सनच्या खुणा ओळखता येतात हेही दाखवलं. हे काम खरं आहे, फक्त ते अजून दुकानातल्या डबीत उतरलेलं नाही.

आता तुमचे वडील. भूल देण्याआधी वापरतात अशी एक साधी प्रश्नावली आहे, स्टॉप-बँग नावाची. घोरणं, दिवसा थकवा, कुणीतरी श्वास थांबताना पाहिलेला, रक्तदाब, जास्त वजन, पन्नाशी उलटलेली, जाड मान, पुरुष असणं, अशा आठ गोष्टींना एकेक गुण. पाच किंवा जास्त म्हणजे धोका मोठा. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरच पाच झाले. मान आणि वजन मी विचारलेलंही नाही. म्हणजे ‘आहे का नाही’ या प्रश्नासाठी यंत्राची गरज उरली नाही. ‘किती’ एवढंच बाकी आहे, आणि ते घरी होणाऱ्या एका रात्रीच्या चाचणीत कळतं: नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा, बोटाला सेन्सर, बस. डोक्याला तारा नाहीत, दवाखान्यात झोपणं नाही. या घरच्या चाचणीत आकडा थोडा कमी येतो, कारण ती प्रत्यक्ष झोपेच्या तासांनी न भागता नोंदीच्या सगळ्या तासांनी भागते. जागून काढलेला वेळही त्यात धरला जातो. डॉक्टरांना ते ठाऊक असतं. वडिलांशी बोलताना ‘तपासणी’ हा शब्दच नको, ‘बाबा, आईला रात्रभर झोप लागत नाही, तिच्यासाठी एक रात्र’ असं म्हणून बघा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आजोबांना आजींनीच आणलेलं असतं.

नंतर उपचार सुरू झाले, नाकावरच्या मास्कमधून दाबानं हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन आलं, की मग यंत्र जरूर घ्या. मास्क लावायला लागल्यावर रात्रीची उठबस कमी झाली का, हे ते छान सांगेल. आई शेजारीच झोपत असतील तर गादीखालची पट्टी वडिलांच्या बाजूला, छातीच्या रेषेत, आणि शक्य असेल तर दोघांच्या गाद्या वेगळ्या. एकाच गादीवर दोघांचे झटके मिसळतात. जुनी कापसाची गादी गोळे झालेली असेल तर पट्टी त्या खड्ड्यात बसते आणि काहीच नोंदवत नाही. रडार घेतलंत तर गादीच्या पातळीवर, हातभर अंतरावर, छातीकडे तोंड करून, आणि वडील त्याच बाजूला झोपतील असं. खोक्यावर ‘निदानासाठी नाही’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल तर ते खरं माना.

आणि वडिलांना विचारून लावा. रात्री दोनला ते उठून पंचवीस मिनिटं खुर्चीत बसले होते, हे पुण्यात तुमच्या फोनवर कळणार आहे. आईंचीही झोप त्यात नकळत नोंदली जाते. एका घरात मुलानं न सांगता पट्टी घातली, आजोबांना सापडली, आणि त्यानंतर त्यांनी मास्कसुद्धा लावला नाही.

चाचणीची तारीख मिळेपर्यंत एक काम आईंना सांगा. रात्री श्वास अडायला लागला की फोनवर तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा, दिवा लावून, पांघरूण कमरेपर्यंत खाली करून. चेहरा दिसू दे, आवाज येऊ दे, आणि चौकटीत छातीबरोबर पोटही येऊ दे.